काका, आबा, बापू, बाबा

निवडणूक निकालांचे जुने तक्ते वाचत बसणे हा छंद चारचौघांत सांगण्यासारखा नाही. साल, उमेदवार, पक्ष, मते; ना कथानक, ना संवाद. पण सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोला मतदारसंघाचा तक्ता हाती आला की माझा चहा गार होतो.

1962 : गणपतराव देशमुख, शेतकरी कामगार पक्ष (शेकाप). 1967 : तेच. 1978 पासून 1990 पर्यंत तेच. 1999 पासून 2014 पर्यंत पुन्हा तेच. 1974 ची पोटनिवडणूक धरून एकूण अकरा वेळा. तक्ता करणाऱ्या कारकुनाने 'वरीलप्रमाणे' एवढेच लिहून हात झटकले असते, तरी कुणाची तक्रार आली नसती. तिकडे मुंबईत मुख्यमंत्री येत-जात राहिले, पक्ष फुटले, जुळले, पुन्हा फुटले. इकडे गणपतराव, म्हणजे तालुक्याचे आबा, आपले शेकापच्या लाल बावट्याखाली उभे ते उभेच.

दोनदा मंत्री झाले, पण लोकांच्या लक्षात राहिले ते एसटीतले आबा. एसटीत आमदारांसाठी आसन राखीव असते. त्या पाटीखाली एरवी कुणीतरी पिशवी मांडीवर घेऊन पेंगत असतो. तिथे खरोखरीचा आमदार बसलेला पाहायचा, तर सांगोल्याकडची गाडी पकडावी लागे.

तालुका दुष्काळी. माण नदीला पात्र मोठे आणि पाणी बेताचे. डाळिंब, खिलार जनावरांचा बाजार आणि सूतगिरणी ही इथली ओळख. नागनाथअण्णा नायकवडी आणि आबा यांनी दुष्काळी तालुक्यांच्या पाणी परिषदा वर्षानुवर्षे भरवल्या. पाण्याचे आश्वासन एका निवडणुकीपुरते असते आणि पाण्याचे भांडण पिढीभर चालते, हे या तालुक्याइतके कुणाला ठाऊक?

आबांना इतक्यांदा निवडले म्हणून इथला मतदार डोळे मिटून शिक्का मारत होता म्हणावे, तर तसेही नाही. 1972 साली काँग्रेसच्या काकासाहेब साळुंखे-पाटलांनी आबांना पाडले. 1995 साली काँग्रेसच्याच शहाजीबापू पाटलांनी पाडले, तेही 192 मतांनी. 192 माणसे म्हणजे जेमतेम चार एसटी गाड्यांचे प्रवासी. उभ्या जन्मात एसटी न सोडलेल्या माणसाला चार गाड्यांनी दगा दिला!

आबा 1999 साली परत आले. बापूंना मात्र पुढचा गुलाल अंगावर पडायला 2019 उजाडावे लागले. चोवीस वर्षे तालुक्याच्या राजकारणात हरत, लढत टिकून राहणे हीही एक तपश्चर्याच. 2019 ला आबा उभे नव्हते, नातू डॉ. अनिकेत उभे होते. शिवसेनेच्या बापूंनी त्यांना 768 मतांनी हरवले. आता जरा पाढा म्हणा : एकशे ब्याण्णव चोक सातशे अडुसष्ट. आजोबांना जितक्या मतांनी पाडले, त्याच्या बरोबर चौपट मतांनी नातवाला! नशिबाला गणित येत नाही असे म्हणण्याची सोय सांगोल्याने ठेवलेली नाही.

पुढे 2022 च्या जूनमध्ये शिवसेनेतल्या बंडखोर आमदारांबरोबर बापू गुवाहाटीला गेले आणि तिथली झाडी, डोंगार आणि हाटील यांचे फोनवरून केलेले त्यांचे वर्णन महाराष्ट्राला तोंडपाठ झाले. लोक हसले. मला वाटते, सांगोल्याच्या माळावर वाढलेल्या माणसाला एवढी हिरवी झाडी एकदम दिसल्यावर भरून आले, तर त्यात नवल ते काय?

2024 ला बापू शिंदे यांच्या शिवसेनेच्या धनुष्यबाणावर, दीपकआबा साळुंखे ठाकरे यांच्या शिवसेनेच्या मशालीवर आणि आबांचे दुसरे नातू डॉ. बाबासाहेब शेकापकडून. दीपकआबा आणि बाबासाहेब हे एकाच आघाडीतले दोघे आमनेसामने, तरी बाबासाहेब 25 हजारांहून अधिक मतांनी निवडून आले. काका, आबा, बापू, बाबा! या मतदारसंघात साठ वर्षे घरातली वडीलधारी मंडळीच एकमेकांना पाडत आली आहेत.

या तक्त्यावरून सांगोलेकराला व्यक्तिपूजक म्हणावे, तर आबांनाच त्याने दोनदा घरी बसवले. घराणेभक्त म्हणावे, तर एका नातवाला पाडून दुसऱ्याला निवडले. लाटेवर वाहणारा म्हणावे, तर देशात लाटा येत-जात असताना 2014 ला त्याने शेकापलाच धरून ठेवले. त्याने कुणावर माया केली, पण कुणाचा मिंधा झाला नाही. आणि ही माया तो दर वेळी नव्याने मोजून देतो.

तेव्हा मतदानाच्या दिवशी 'माझ्या एका मताने काय होणार' म्हणत कुणी कूस बदलली, तर लोकशाहीवर व्याख्यान देऊ नका. त्याला फक्त 1995 चा सांगोल्याचा आकडा सांगा. 192.