ओझं गाडीला द्या, पोराला नको

जून उजाडला की रायपूरच्या गोलबाजारात दप्तरांच्या दुकानांपुढे पाय ठेवायला जागा उरत नाही. "आई, मला हीच पाहिजे." "अरे, पण वर्षभर टिकेल का?" दुकानदार चेन दोनदा पुढेमागे ओढून दाखवतो, आई शिवण चाचपते, बाबा भाव पाडतात, बॅग पिशवीत पडते. चित्र पाहिलं, रंग पाहिला, कप्पे मोजले. पोरगं शाळेत जातं कशावर, हे मात्र कुणी विचारलं नाही.

रायपुरात हा प्रश्न सगळ्यात आधी विचारायला हवा. सकाळी तेलीबांधा, टाटीबंध, पचपेडी नाका यांपैकी कुठेही दहा मिनिटं उभे राहा. बाबांच्या मोटारसायकलवर मागे बसलेलं पोर, आईच्या स्कूटीवर पुढे उभं असलेलं पोर, सायकलवर पॅडल मारत निघालेल्या नववी-दहावीच्या मुली. सगळ्यांच्या पाठीवर दप्तर. चालणाऱ्याच्या पाठीवरचं वजन मुख्यतः खाली ओढतं. गाडीवर तेच वजन पिकअप घेताना मागे ओढतं, वळणावर बाजूला ओढतं आणि गतिरोधकावर उसळून पुन्हा खांद्यांवर आदळतं. चालण्यासाठी बरी असलेली बॅग गाडीवर बरी असेलच असं नाही. आपण मात्र दोन्हींसाठी एकच घेतो, तीही वरच्या चित्रावरून.

आधी वजनाचं बोलू. केंद्राच्या 2020 च्या स्कूल बॅग धोरणानुसार दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नको. पूर्वप्राथमिकच्या मुलांना दप्तरच नको. तीस किलोच्या मुलाच्या वाट्याला म्हणजे तीन किलो आले. आता दुकानातली ती जाड फोमची, सात कप्प्यांची बॅग रिकामीच हातात घ्या. ती किलोभर भरली, तर तिसरा हिस्सा तिनेच खाल्ला. लिटरभर पाण्याची बाटली ठेवली की आणखी एक किलो गेला. पुस्तकांना किती उरलं? म्हणून बॅग रिकामी असताना तोलून बघायची. दुकानदार हसला तर हसू दे.

हे दुखणं नवं नाही. लेखक आर. के. नारायण राज्यसभेत होते तेव्हा, 1989 साली, याच दप्तरांवर बोलले. प्रा. यशपाल समितीने 1993 मध्ये अहवाल दिला, 2006 मध्ये वजनाची मर्यादा घालणारं विधेयक राज्यसभेत आलं आणि तिथेच राहिलं. 2018 मध्ये इयत्तावार किलोंचं परिपत्रक निघालं. महाराष्ट्रात वजन कमी व्हावं म्हणून 2023-24 पासून पाठ्यपुस्तकं चार भागांत, वह्यांची कोरी पानं आतच बांधून दिली; मुलं तरी वेगळ्या वह्या नेतच राहिली आणि जानेवारी 2025 मध्ये तो निर्णय मागे घेतला गेला. या सगळ्यांत मला सर्वांत मोलाची वाटते ती 2016 च्या ऑगस्टमधली चंद्रपूरची गोष्ट. सातवीतल्या दोन मुलांनी तिथल्या प्रेस क्लबात जाऊन चक्क पत्रकार परिषद घेतली. आठ विषय, रोजची किमान सोळा वह्या-पुस्तकं, पाच ते सात किलोंचं दप्तर आणि तिसऱ्या मजल्यावरचा वर्ग, एवढंच त्यांनी सांगितलं. समित्यांना जे लोकांच्या गळी उतरवता आलं नाही, ते बारा वर्षांच्या पोरांनी चार वाक्यांत सांगून टाकलं. त्यांचं कौतुक झालं, बातम्या आल्या. दप्तरं आजही तशीच आहेत.

शाळा दप्तर हलकं करेल तेव्हा करेल. तोवर ते ठेवायचं कुठे, हे तरी आपल्या हातात आहे.

सायकलवर दप्तर पाठीवर नकोच. कॅरिअरवर ठेवा. पाठीवर पाच किलो घेतले की स्वाराचा तोल वर सरकतो, वळताना अंग डगमगतं, खांदे आवळतात आणि मान वळवून मागचा ट्रक बघणं अवघड होतं. कॅरिअरवर तेच पाच किलो खाली, चाकाच्या वर बसतात. पॅडल मारायला जोर थोडा लागेलच, पण तो पाय लावतात, मणका नाही. शिवाय आपल्याकडे एप्रिलमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. पाठीला चिकटलेल्या फोमच्या बॅगेखाली सदरा शाळेत पोचेपर्यंत पिळून काढण्याइतका ओला होतो, आणि पोर दिवसभर त्याच सदऱ्यात बसतं.

तरीही बाजारात विकल्या जातात त्या कॅरिअर नसलेल्या सायकली. जाड टायर, गिअर, भडक रंग. ना कॅरिअर, ना मडगार्ड, ना चेनकव्हर. शाळेत जाणाऱ्या मुलाला अशी सायकल देणं मला अजिबात पटत नाही. पहिल्या पावसात मागच्या चाकाने उडवलेल्या चिखलाचा पट्टा थेट दप्तरावर उमटतो आणि पँटचा पाय साखळीत जातो. घेतलीच असेल तर सायकलवाल्याकडून कॅरिअर आणि मडगार्ड बसवून घ्या. चांगल्या बॅगेच्या किमतीपेक्षा हे काम बहुधा स्वस्तातच होतं आणि बॅगेपेक्षा जास्त वर्षं टिकतं. मुलाला कॅरिअर गावठी वाटतं, अशी तक्रार पालक करतात. वाटू दे. इथेच, छत्तीसगडात, सरस्वती सायकल योजनेतून नववीच्या मुलींना सायकली मिळत आल्या आहेत. त्यांच्यातल्या कितीतरी जणी मागे दप्तर बांधून सरळ पाठीने, मोकळ्या खांद्यांनी शाळा गाठतात. शहरातल्या पालकांनी त्यांच्याकडे बघून शिकावं.

बांधण्यातही कसब आहे. कॅरिअरचा स्प्रिंगचा चाप जाड दप्तराला पुरत नाही. जुन्या ट्यूबची कापलेली पट्टी किंवा दोन्ही टोकांना हुक असलेला इलॅस्टिकचा दोर वापरा, तोही आडवा एक आणि उभा एक. आणि बांधण्याआधी खांद्यांचे पट्टे, लोंबणारी टोकं, कमरेचं बकल, सगळं आत खोचा. मागच्या चाकाच्या आऱ्यांत पट्टा गेला की सायकल जागच्या जागी थांबते आणि पोर पुढे जातं. लोंबणारा पट्टा हा मला या विषयातला सर्वांत मोठा धोका वाटतो, आणि खरेदीत त्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. नव्या बॅगेचे पट्टे मुलाच्या मापाला आवळल्यावर जी वीतभर टोकं उरतात, ती गुंडाळून टाका घालून शिवून घ्या. चांभार किंवा शिंपी पाच मिनिटांत करून देतो.

पुढच्या टोपलीत डबा आणि बाटली, बस. जड दप्तर टोपलीत ठेवलं की हॅंडल हातातून फिरतं. हॅंडलला दप्तर अडकवणं तर पूर्ण बंद. ते गुडघ्याला लागतं नाहीतर पुढच्या चाकात जातं.

पाठीवर घेण्यावाचून इलाज नसेल तर बॅग आखूड घ्या. खांद्यापासून कमरेपर्यंत, फार तर त्याखाली चार बोटं. दोन्ही पट्टे रुंद आणि मऊ, आणि छातीवर अडकणारा एक आडवा पट्टा हवाच. तो नसेल तर खड्ड्यात पट्टा खांद्यावरून घसरतो, पोर तो सावरायला एक हात सोडतं आणि ब्रेक नेमका त्याच हाताखाली असतो. एका खांद्यावर लटकवायची बॅग सायकलवर चालणार नाही. वळताना ती फिरून पोटावर येते. आणि दुकानात जाताना मुलाचं हेल्मेट बरोबर न्या. हेल्मेट घालून, बॅग पाठीवर घेऊन, हॅंडल धरल्यासारखं वाकून त्याला समोर बघायला सांगा. बॅगेचा वरचा काठ हेल्मेटला मागून ढकलत असेल तर मान वर होणारच नाही, आणि पोर रस्त्याऐवजी पुढच्या चाकाकडे बघत जाईल. ती बॅग परत ठेवा, कितीही आवडली असली तरी.

आता मोटारसायकल. इथे चूक पोराची नसते, आपलीच असते.

मागे बसलेल्या मुलाच्या पाठीवरचं दप्तर सीटच्या बाहेर लोंबतं. हल्लीच्या गाड्यांची मागची सीट उंच, अरुंद आणि तिरकी. क्लच सुटला की दप्तर मागे ओढतं, आणि मुलाने बाबांचं शर्ट धरलेलं असतं, एवढाच काय तो आधार. ते दप्तर मुलाच्या पाठीवरून काढा. मागे लोखंडी कॅरिअर बसवून घ्या किंवा बाजूला घट्ट बसणारी सॅडल बॅग घ्या. स्कूटी असेल तर पायापुढच्या हुकाला अडकवा, पण हॅंडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा, बॅग आडवी येते का ते. मोटारसायकलच्या टाकीवर बॅग ठेवून तिच्यावर पोर टेकवू नका. आणि पट्टा ब्रेकच्या पायट्यात अडकेल अशा जागी काहीही ठेवू नका.

केंद्रीय मोटार वाहन नियमांतला 123 वा नियम सांगतो की मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून मोटारसायकलच्या मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारं गार्ड हवं, शिवाय धरायला दांडी आणि पाय ठेवायला पायटा. साडीसाठी केलेला हा नियम दप्तराच्या पट्ट्यालाही तेवढाच उपयोगी आहे. पण नवी गाडी घरी आली की पोरं पहिल्यांदा तेच गार्ड काढून टाकतात, दिसायला बरी दिसावी म्हणून. काढलं असेल तर आजच परत बसवा.

चार वर्षांखालच्या मुलांसाठी 15 फेब्रुवारी 2023 पासून आणखी कडक नियम आहे: हेल्मेट, मुलाला चालकाशी बांधून ठेवणारा सेफ्टी हार्नेस, आणि ताशी चाळीस किलोमीटरची मर्यादा. हार्नेसचे पट्टे खांद्यांवरून जातात, दप्तराचेही तिथूनच. दोन्ही एकावेळी नीट बसत नाहीत. नर्सरीतल्या पोराला मुळात दप्तरच नको असं धोरण म्हणतं, मग खांदे हार्नेससाठी मोकळे ठेवा. डबा आईच्या पर्समध्ये जाऊ शकतो.

दोन पोरं आणि दोन दप्तरं घेऊन एका मोटारसायकलवर जाणाऱ्यांनी कुठली बॅग घ्यावी, असं कुणी विचारलं तर माझ्याकडे उत्तर नाही. कायद्याने मागे एकच माणूस बसू शकतो. दोन फेऱ्या करा किंवा शेजाऱ्याशी वाटून घ्या.

आणि नववीतल्या मुलाच्या हाती सव्वाशे सीसीची गाडी देणाऱ्यांनी बॅगेचा विचार सोडून चावी काढून घ्यावी. सोळा ते अठरा वयात परवाना मिळतो तो बिनागिअरच्या, पन्नास सीसीपर्यंतच्या गाडीचा, आणि अशा गाड्या बाजारात आता जवळजवळ दिसत नाहीत. अल्पवयीन पोराने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला पंचवीस हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि पोराला पंचविशीपर्यंत परवाना नाही. मला यातला दंड महत्त्वाचा वाटत नाही. रिंगरोडवरचे लोखंडाने भरलेले ट्रक महत्त्वाचे वाटतात.

रंगाबद्दल थोडं. शाळांना काळी आणि निळी बॅग आवडते, कारण मळ दिसत नाही. ट्यूशनहून सात वाजता परतणारं पोरही मग दिसत नाही. रात्री चमकणारी पट्टी मागच्या बाजूला शिवून घ्या, आणि बॅग कॅरिअरवर असेल तर ती टेललाइट झाकत नाही ना, तेवढं बघा.

पाऊस मात्र कुठल्याही जाहिरातीपेक्षा हुशार असतो. कापड पाणी धरत नसलं तरी चेनमधून आणि सुईच्या भोकांतून पाणी आत जातंच. वह्या-पुस्तकं आधी जाड पॉलिथिनच्या पिशवीत, मग दप्तरात. वरून इलॅस्टिकचं कव्हर, घट्ट बसणारं, फडफडणारं नको. दप्तरावरून रेनकोट चढवू नका. मागे कुबड येतं, रेनकोट आखूड पडतो आणि उरलेलं टोक चाकाकडे लोंबतं.

भरण्याची एक गोष्ट आयांनी लक्षात ठेवावी. जड पुस्तकं पाठीला लागून सपाट, पण स्टीलचा डबा आणि स्टीलची बाटली पाठीच्या बाजूला कधीच नको. पोर पाठीवर पडलं तर मणक्याखाली तेच येणार. डबा बाहेरच्या बाजूला, नाहीतर वेगळ्या पिशवीत. बाटली तर रिकामीच न्यावी, कारण पिण्याचं पाणी देणं हे शाळेचं काम आहे, आणि धोरणातही तसंच आहे.

शाळेत वजनकाटा ठेवावा आणि दप्तरं अधूनमधून तोलावीत, हेही त्याच धोरणात लिहिलंय. पहिल्या पालकसभेत फी आणि गणवेशाचं बोलणं झालं की कुणीतरी उठून विचारा, काटा कुठे ठेवलाय? आणि सायकलवरून येणाऱ्या मुलांना निम्मी पुस्तकं वर्गातच ठेवता येतील असं एक कपाट कधी मिळणार, हेही.