गाव कुठलं?

बारामतीत भाड्याने खोली बघायला गेलं, की घरमालक पगार विचारत नाही. तो विचारतो, "गाव कुठलं?" तुम्ही फलटण म्हणालात की "फलटणात कुठं?", मग आडनाव, मग "तरडगावचे ते तुमचे कोण?" पाचव्या-सहाव्या प्रश्नाला तुमच्या आत्याचे दीर आणि त्यांचे साडू एकाच कारखान्याचे सभासद निघतात आणि किल्ली तुमच्या हातात पडते. नाही निघाले, तर "मुलाला विचारून सांगतो" असं उत्तर मिळतं. या मुलाला एरवी घरात कोणी काही विचारत नसतं.

भिगवण रोडपासून जळोचीपर्यंत अशा घरमालकांना तोटा नाही. आमच्या गल्लीच्या वाट्याला अप्पा आलेत. भवानीनगरच्या कारखान्यात चिटबॉय म्हणून लागले आणि शेतकी खात्यात क्लार्क होऊन निवृत्त झाले. फंडाच्या पैशात खाली स्वतःला चार खोल्या, वर 'वन बीएचके' काढला. वरच्या मजल्याची दुसरी किल्ली साखरेच्या पोत्याच्या सुतळीत ओवून कमरेला असते. भाडेकरू आत राहत असला तरी असते. जन्मभर उसाच्या नोंदी केल्यामुळे भाडेकरूही ते लागणीच्या हिशेबानेच धरतात. "मागचा आपला आडसाली होता, जुलैत आलेला. त्याच्या आधीची ती बँकेतली पोरगी, ती खोडवा. एकदा गेली, परत फुटून आली."

अशा माणसापुढे मी एका इटालियन इंजिनिअरला नेऊन उभं केलं. कॉलेजात इंग्रजी शिकवणाऱ्या माणसाला गाव दुभाष्या समजतं, त्याला इलाज नाही. तसं आमच्या एमआयडीसीला इटलीचं नवल राहिलेलं नाही. पियाजिओची तीनचाकी आपे इथलीच, 2012 पासून व्हेस्पाही इथं होते, आणि फेरेरोचं किंडर जॉयही इथंच भरतात. इटालियनमध्ये 'आपे' म्हणजे मधमाशी आणि 'व्हेस्पा' म्हणजे गांधीलमाशी, हे मी एकदा अप्पांना सांगितलं होतं. "म्हंजे आपण मोहळात राहतोय की," एवढंच ते म्हणाले. पण मोहळ एमआयडीसीत असणं वेगळं आणि आपल्या माडीवर असणं वेगळं.

"गाव कुठलं?"

"बोलोन्या."

"बोलोन्यात कुठं?"

त्याने कुठलंसं खेडं सांगितलं. अप्पांनी डोळे मिटले. इंदापूर, माळशिरस, करमाळा अशी सगळी सोयरीक नजरेखालून गेली असावी. धागा लागेना. आडनाव विचारलं. त्याच्या शेवटी 'नी' ऐकून चेहरा जरा उजळला. "सिंधी का?"

नव्हता. मग खाण्याची चौकशी झाली. रोज पास्ता खातो म्हटल्यावर "म्हणजे शेवयाच, फक्त गूळ न्हाई" असा निकाल काकींनी आतून दिला. लग्न झालं नव्हतं, म्हणजे एक गुण गेलाच. अप्पा "मुलाला विचारून सांगतो"वर येणार, हे मला त्यांच्या सुतळीशी चाललेल्या चाळ्यावरून दिसत होतं. खरं तर मुलाला विचारायलाच हवं होतं. तो श्टुटगार्टला आहे. तिथं त्याने तीन महिने घर शोधलं. दर ठिकाणी पगाराच्या स्लिपा आणि पत असल्याचा दाखला दिला, आणि शेवटी मिळालं त्या घरात स्वयंपाकघर म्हणजे चार भिंती आणि नळाचं तोंड. तिकडे भाडेकरू ओटाकपाटं आपली आपण आणतो. हे कळल्यापासून अप्पा जर्मनीविषयी फारसं बरं बोलत नाहीत.

जाता जाता त्यांनी विचारलं, "वडील काय करतात?"

"शेती."

अप्पा खुर्चीत पुढे सरकले. "पीक?"

"बीट."

"कोशिंबिरीला एवढं बीट?"

साखर करतात, असं मी सांगितलं. बोलोन्याजवळ मिनेर्बिओला बीट पिकवणाऱ्या शेतकऱ्यांची 1962 पासून सहकारी संस्था आहे, कारखान्यासकट, हे मलाही त्याच दिवशी कळलं. अप्पांनी श्वास रोखून विचारलं, "खाजगी का सहकारी?" इटालियन म्हणाला, "कोऑपेराटीव्हा." याचं भाषांतर करावं लागलं नाही.

"वडील सभासद?"

"हो."

"अगं ए, चहा टाक. पाव्हणं सभासदाचा पोरगा हाय!"

पुढचा पाऊण तास घर हा विषय निघाला नाही. पहिली उचल किती, दुसरा हप्ता दिवाळीला देतात का, चेअरमन कुणाचा माणूस, काटा मारतात का. 'काटा मारणे' याला इंग्रजीत काय म्हणतात हे मला अजून सापडलेलं नाही. मी हातवारे केले. इटालियन खो खो हसला आणि त्याने तसेच हातवारे करून उत्तर दिलं. किल्ली सुतळीतून सुटली.

कागद झाले. अकरा महिन्यांचा करार आणि त्याची नोंदणी, पोलीस पडताळणी. परदेशी माणूस राहायला आला की घरमालकाने 24 तासांत फॉर्म ऑनलाइन भरायचा असतो. तो मीच भरला. 'कुठून आला' आणि 'इथून कुठे जाणार' हे रकाने वाचून दाखवले तेव्हा अप्पांना गहिवरून आलं. "बघा सर, सरकारलासुद्धा गाव विचारावंच लागतं."

करारात नसलेली एकच अट होती. तुकोबांची पालखी बारामतीत मुक्कामाला येईल त्या रात्री माडी दिंडीची. भाडेकरूची सात पिढ्यांची चौकशी करणारे अप्पा त्या रात्री चाळीस माणसांना नावही न विचारता आत घेतात. इटालियन गच्चीवर वारकऱ्यांच्या ओळीत झोपला. सकाळी दिंडी सणसरकडे निघाली तेव्हा त्याच्या कपाळाला बुक्का होता आणि चपला गेलेल्या होत्या.

मराठी तो फारसं शिकला नाही. भाडेकरूला लागणारं एक वाक्य मात्र पक्कं झालं. रोज पहाटे जिन्यातून हाक यायची, "अप्पा, पाणी कधी येतं?" आणि अप्पा खालून वेळ सांगून मोटार लावायचे.

एप्रिलच्या शेवटी त्याने चहा पिता पिता अप्पांना उलट विचारलं, "अप्पा, गाव कुठलं?"

अप्पा गडबडले. हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. तो विचारण्याचा मान त्यांचा. "पळसदेव," ते म्हणाले. "इंदापूर तालुका."

"पळसदेवात कुठं?"

इतक्या महिन्यांत पोरगं दुसरा प्रश्नही शिकलं होतं.

मेमधल्या एका रविवारी माझ्या गाडीतून तिघं गेलो. उजनी धरण 1980 मध्ये पुरं झालं आणि जुनं पळसदेव पाण्यात गेलं. नवं गाव वर हायवेला वसलं. उन्हाळ्यात पाणी हटलं की पळसनाथाचं देऊळ उघडं पडतं. त्या वर्षी चांगलंच हटलं होतं. भेगाळलेल्या गाळातून चपला हातात घेऊन अप्पा पुढं, आम्ही मागं. "ही वेस. हा पार. हितं तेल्याचं दुकान." आम्हाला गाळच दिसत होता. एका जागी ते थांबले, चार पावलं मोजली, परत मोजली. "हा आमचा उंबरा. पाच खणाचं घर हुतं."

इटालियन त्या चौकोनाकडे बराच वेळ बघत राहिला. काहीतरी बोलायला हवं, असं त्यालाही वाटलं असावं. मराठी वाक्य त्याच्याकडे आता एकच उरलं होतं.

"अप्पा, पाणी कधी येतं?"

"श्रावणात," अप्पा म्हणाले. "हितं मोटार लावावी लागत न्हाई."