वाघ झोपला आहे, चॅनल सबस्क्राइब करा

यूट्यूबवर चढलेला जगातला पहिला व्हिडिओ प्राणिसंग्रहालयातला आहे. तारीख २३ एप्रिल २००५. जावेद करीम नावाचा तरुण अमेरिकेतल्या सॅन दिएगोत हत्तींपुढे उभा राहतो, यांच्या सोंडा फार लांब असतात एवढं सांगतो आणि १९ सेकंदांत विषय मिटवतो. हा इतिहास माझ्या भाच्याला कळला आणि आमच्या घराची शांतता गेली. बंटी अमरावतीला इंजिनिअरिंग करतो असं त्याच्या आईला वाटतं. प्रत्यक्षात तो चॅनल करतो.

‘‘मामा, थो माणूस नुसत्या सोंडीवर जगात फेमस झाला. आपल्याजवळ तर अख्खा वाघ हाय!’’

निमित्त आबाजींचं होतं. आबाजी म्हणजे माझे वडील. सगळं घर त्यांना आबाजीच म्हणतं. गुडघ्यांनी संप पुकारल्यापासून ते अकोल्याच्या घराच्या ओसरीतच असतात. तरुणपणी त्यांनी नर्नाळ्याच्या किल्ल्यावर वाघ पाहिला होता. माझ्या लहानपणी तो वाघ शक्कर तलावावर होता आणि आबाजी महाकाली दरवाज्यात. माझ्या लग्नापर्यंत वाघ पन्नास पावलांवर आला. हल्ली आबाजी त्याच्या मिशांचे केस मोजतात. अशा माणसाला घरबसल्या वाघ दाखवायचा, एकेका पिंजऱ्याची व्हिडिओ सहल काढायची, असा बंटीचा बेत होता. गाडी आणि पेट्रोल माझं.

आता वाघ-सिंहांचं मोठं प्राणिसंग्रहालय अमरावतीत नाही, अकोल्यातही नाही. म्हणजे अकोल्याचं आहे, पण ते नागपुरात आहे! महाराजबागेचं प्राणिसंग्रहालय चालवतं अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ. बाग मुळात भोसल्यांची, विद्यापीठ १९६९चं. त्यामुळे वाघ कारभाराला अकोल्याचा आणि मुक्कामाला नागपूरचा. वऱ्हाडातली बरीच पोरं नोकरीसाठी असंच करतात, म्हणून कोणाला त्यात नवल वाटत नाही.

अकोल्याहून निघालो. बंटीला अमरावतीहून उचलायचं होतं. वाटेतला रस्ता साधासुधा नाही. २०२२च्या जूनमध्ये लोणी ते माना या पट्ट्यात ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत झालं आणि गिनेस बुकात गेलं. आधीचा विक्रम कतारमधल्या दोह्याचा होता, २५ किलोमीटरचा, आणि त्याला दहा दिवस लागले होते. आमच्या गल्लीत एका नालीसाठी खोदलेला खड्डा तीन दिवाळ्या पाहून चुकला आहे. त्यामुळे या रस्त्यावर मी गाडी जरा आदबीनंच चालवतो.

अमरावतीत गिला वडा खाल्ल्याशिवाय पुढे जाणं अशुभ, असं बंटीचं मत. दह्यातला वडा पोटात, कॅमेरा गळ्यात आणि ट्रायपॉड माझ्या खांद्यावर, अशा थाटात आम्ही ऐन मे महिन्यात, ऐन दुपारी महाराजबागेत शिरलो.

वाघ होता. पूर्ण होता, मधे झाड नाही, झुडूप नाही. उन्हाळ्यात इथे वाघासाठी कूलर लावतात. त्या कूलरपुढे, तोंड भिंतीकडे आणि पाठ जनतेकडे करून तो आडवा झाला होता. पोट वर-खाली होत होतं. अधूनमधून एक कान हलायचा. अकोल्याच्या कुठल्याही सभ्य गृहस्थानं मे महिन्यात दुपारी दोन वाजता जे करावं, नेमकं तेच तो करत होता.

बंटीनं घसा साफ केला. ‘‘नमस्कार मित्रहो! आपण आता जगातल्या सगळ्यात खतरनाक प्राण्यासमोर उभे आहो...’’ कान हलला. ‘‘पाहा, तो सावध झाला आहे!’’ कान थांबला. ‘‘पाहा, तो दबा धरून आहे!’’ तेवढ्यात चौकटीत एक काकू शिरल्या. ‘‘कोणत्या चॅनलचे भाऊ? हे कधी लागन टीव्हीवर?’’ त्यांच्या कडेवरच्या पोरानं वाघाकडे पाहिलं, काही घडत नाही अशी खात्री करून घेतली आणि आईस्क्रीमसाठी भोकाड पसरलं. सगळ्या चित्रीकरणातली खरी डरकाळी ती एवढीच.

वाघ दिवसाचे पंधरा-सोळा तास लोळण्या-झोपण्यात घालवतो. उठून फिरायचं ते रात्री, नाहीतर पहाटे-संध्याकाळी. प्राणिसंग्रहालयाचं तिकीट मात्र दिवसा मिळतं. वाघाच्या कामाची आणि आपल्या सुट्टीची वेळ जमत नाही, त्याला त्या बिचाऱ्यानं काय करावं? पण बंटी हरणारा नव्हता. ‘‘डरकाळी मी मागून टाकतो, मामा. तिकडं एमजीएमच्या सिनेमाच्या सुरुवातीले तो सिंह गरजते ना? त्याच्या आवाजात वाघाच्या गुरगुरण्याची मिसळ हाय. हॉलिवुडले चालते तर अकोल्याले काऊन नाही चालत?’’ यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

अस्वल एका कोपऱ्यात गेलं होतं, बिबट्या वरच्या फळीवर शेपटी सोडून बसला होता. बंटीनं शेपटीचा स्वतंत्र भाग काढला. खरी गर्दी निघाली ती रोह्यांच्या कुंपणापाशी. शहरातली माणसं ‘नीलगाय, नीलगाय’ करत फोटो काढत होती. मूर्तिजापूरकडचे एक धोतरवाले काकाजी मात्र कमरेवर हात ठेवून त्या नराकडे बघत होते. जुना हिशेब बाकी असलेल्या सावकाराची नजर होती ती.

‘‘काकाजी, दोन शब्द बोलता का कॅमेऱ्यावर?’’

‘‘काय बोलू बाप्पा? याले पाहाले मी तिकीट काढलं! आमच्या तुरीत थे रोज फुकट येतेत, अन् सोबत दहा जण आनतेत. इथं याले चारा टाकाले मानूस ठेवला हाय. तिकडं याले हाकलाले मी रातभर फटाके फोडतो.’’ मग आवाज उतरवून म्हणाले, ‘‘ज्या विद्यापीठानं तुरीचं बियानं देल्लं, त्यायनंच याले पाळलं. कोनाकडून बोलावं मानसानं?’’

एवढं चांगलं बोलणं बंटीनं गाळलं. ‘‘वाघाच्या व्हिडिओत तूर कायले पाह्यजे?’’

घरी येऊन आबाजींना टीव्हीवर सहल दाखवली. त्यांनी वाघ पाहिला, कूलर पाहिला, मागून टाकलेली डरकाळी ऐकली. मिनिटभर थांबून म्हणाले, ‘‘हे तर मीच हावो. आवाज तेवढा वाढवला पोट्ट्यानं.’’ आणि कूस बदलली. ओसरीवर येणाऱ्या मंडळींना त्यांनी हा व्हिडिओ एकदाही दाखवला नाही. दाखवून करायचं काय? वाघ दिसतो, झोपतो, विषय संपतो. त्यात आबाजींना घालायला काही जागाच शिल्लक नव्हती.

तेव्हा बंटी पेटला. खरा वाघ जंगलात! मेळघाट १९७३च्या व्याघ्र प्रकल्पातल्या पहिल्या नऊ जंगलांपैकी एक. बुद्धपौर्णिमेच्या रात्री वनखातं पाणवठ्यांवरच्या मचाणांवर निसर्गप्रेमींना बसू देतं. आम्ही नाव नोंदवलं आणि परतवाड्याहून घाट चढून गेलो. वनरक्षकानं नियम सांगितले: बोलायचं नाही, टॉर्च नाही, फ्लॅश नाही, अत्तर नाही. पहिल्या नियमाला बंटीचा चेहरा उतरला.

वाटेत वनरक्षकानं रानपिंगळ्याची गोष्ट सांगितली. हे इवलंसं घुबड १८८४नंतर कोणाला सापडेना; शास्त्रज्ञांनी जवळजवळ नामशेष धरलं. १९९७ साली ते शहाद्याजवळ पुन्हा दिसलं आणि आता मेळघाटात ते चांगलं नांदतं. बंटी थक्क झाला. ‘‘११३ वर्षं एकही रील नाही? अन् तरी फेमस?’’

रात्रभर आम्ही मचाणावर. चंद्र होता, पण ढग त्याला सोडेनात. पायाला मुंग्या, मानेला मुंगळे. पहाटेच्या आधी कधीतरी खाली पाला वाजला. मग पाण्यावर आवाज आला: लप, लप, लप. बंटीनं माझा दंड असा धरला की खूण आठवडाभर राहिली. दुसऱ्या हातानं त्यानं मोबाईल पुढे करून चित्रीकरण केलं. पडद्यावर मिट्ट काळोख.

सकाळी वनरक्षकानं चिखलातला ठसा दाखवला. खूर होता. ‘‘रोही हाय भाऊ. मोठा नर.’’

हा ठसा बंटीनं पाहिला, मी पाहिला आणि आम्ही दोघांनीही अकोल्यापर्यंत त्याचा उल्लेख केला नाही.

आबाजींनी तो काळा व्हिडिओ डोळे मिटून ऐकला. पुन्हा लावायला लावला. मग सावरून बसले. ‘‘वाघ. जुना नर हाय. डाव्या पायानं उलसा लंगडते, आईक आईक, तिसऱ्या घोटानंतर थांबते पाह्य.’’

तेव्हापासून आमच्या ओसरीवर हा एकच खेळ चालतो. महाराजबागेच्या सहलीला बंटीच्या चॅनलवर जे मोजके प्रेक्षक मिळाले, त्यांत त्याची आई दोनदा होती. काळोखाला मात्र रोज संध्याकाळी माणसं जमतात, चहा होतो, आबाजी मोबाईल हातात घेतात आणि वाघ दरवेळी थोडा मोठा होतो. परवा शेजारचे निवृत्त गुरुजी आले. चष्मा पुसून पडद्याला नाक लावून म्हणाले, ‘‘आबाजी, मले तर काहीच नाही दिसून राह्यलं.’’

‘‘मोतिबिंदू पिकला तुमचा, गुरुजी,’’ आबाजी शांतपणे म्हणाले. ‘‘डोये पाहा ना त्याचे, कसे चमकून राह्यले!’’

गुरुजींनी पुन्हा वाकून पाहिलं. ओसरीवरची सात-आठ माणसं त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

‘‘हाव की!’’ गुरुजी म्हणाले. ‘‘अन् मागं वाघीन बी हाय.’’