पिंडीवरचे पाय

येलदरीच्या धरणातून सुटलेलं पूर्णेचं पाणी पुढे सिद्धेश्वरच्या जलाशयात जातं. तो तालुका औंढा नागनाथचा. १९९९ मध्ये हिंगोली वेगळी झाली, त्याआधी हा सगळा आपला परभणी जिल्हाच. औंढ्याच्या देवळातली एक गोष्ट या भागात कीर्तनाकीर्तनांत सांगतात. नामदेव गुरूच्या शोधात आले, तर विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून पडलेले. नामदेव संतापले. विसोबा म्हणाले, देव नाही अशा जागी माझे पाय उचलून ठेव. नामदेवांनी पाय जिकडे नेले तिकडे पिंडी दिसली.

गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. तिचा अर्थ मात्र ज्याने त्याने आपल्या सोयीचा करून घेतला.

काही जण नामदेवांच्या संतापापाशीच थांबले. देव बाटतो कशाने, याची यादी त्यांच्या तोंडपाठ असते. गाभाऱ्यात कोण शिरलं, सोवळं कोणी मोडलं, कोणत्या बाईने नैवेद्याला हात लावला. त्यांनी विसोबांचं आधीचं चरित्रही ऐकावं. परंपरा सांगते की हेच विसोबा आधी कर्मठ होते आणि आळंदीत ज्ञानेश्वरादी भावंडांचा छळ करत होते. संन्याशाची पोरं म्हणून ती चौघं वाळीत होती, शुद्धिपत्रासाठी त्यांना पैठणच्या ब्रह्मवृंदापुढे उभं राहावं लागलं. ज्या मुलाने पुढे ज्ञानेश्वरी सांगितली, त्याला धर्मात जागा आहे का याचा खल चालला होता. शास्त्राचा आधार होता, ग्रंथ होते, पंडित होते. नव्हती ती फक्त माया.

दुसऱ्यांनी उलटा अर्थ काढला. देव सगळीकडे आहे ना, मग कसंही वागा, मनात भाव असला की झालं! हे विसोबांनी कधी सांगितलं? देव सगळीकडे आहे याचा अर्थ कुठेही बेफिकीर पाय टाकायची सोय उरली नाही, असा होतो. देवळात जपून चालायचं आणि बाहेर तुडवत सुटायचं, ही पळवाटच त्या गोष्टीने बंद केली.

येलदरीचंच पाणी घ्या. जिंतूरकर आणि परभणीकर ते पितात. देव सर्वत्र असेल तर या पाण्यातही आहे. मग प्लास्टर ऑफ पॅरिसची रंगवलेली मूर्ती, निर्माल्याच्या प्लास्टिक पिशव्या नदीत सोडताना भावाचं नाव कशाला पुढे करायचं? शास्त्रावर बोट ठेवणाऱ्यांनाही इथे विचारायला हवं. पार्थिव गणपती म्हणजे मातीचा. विसर्जन वाहत्या पाण्यातच हवं म्हणून जे हटून बसतात, ते मूर्ती घेताना मातीचा आग्रह का धरत नाहीत? खर्च आणि कष्ट पडणार असतील तिथे भाव आठवतो आणि दुसऱ्याला अडवायचं असेल तिथे शास्त्र.

ही दोन्ही माणसं एकमेकांच्या विरोधात आहेत, असं वाटतं. तसं ते नाही. हळदीकुंकवाला विधवा जाऊबाईला बोलावत नाहीत. ती आतल्या खोलीत बसून राहते. बसवणारे रीत सांगतात आणि पाहणारे म्हणतात, ज्याची त्याची श्रद्धा, आपण कशाला बोला. एकाने दार लावलं, दुसऱ्याने कडी घातली. आतल्या बाईला दोघे सारखेच.

नियम नकोत असं मी म्हणत नाही. वारकऱ्याने तुळशीची माळ घातली की मांसमद्य सुटलं, एकादशी आली, वारी आली. नियम कडकच आहे, पण तो स्वतःच्या गळ्यात घालून घेतलेला आहे. साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये पंढरपुरात दहा दिवस प्राणांतिक उपोषण केलं ते विठ्ठलाचं मंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून. उपवासाचा सगळ्यात कठोर नियम त्यांनी स्वतःच्या देहाला लावला आणि दार दुसऱ्यांसाठी उघडलं. त्यांनाही ‘ज्याची त्याची श्रद्धा’ म्हणून गप्प बसता आलं असतं.

माझ्या लेखी धर्माची परीक्षा एवढीच आहे: नियमाचा भार कोणावर पडतो आणि सवलतीचा लाभ कोणाला होतो? भार दुसऱ्यावर आणि लाभ आपल्याला असेल, तर तिथे देवाचं काही काम नाही, मग पूजा कितीही यथासांग असो.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही हा कित्ता गिरवायला सांगितलं. पूर्णाकाठच्या गावांनी पुढच्या ग्रामसभेत हा विषय घ्यावा, आणि त्याच बैठकीत गणपती मातीचाच आणायचा हेही ठरवून टाकावं. ठराव व्हायची वाट न पाहता येत्या संक्रांतीला आपल्या घरचं पहिलं वाण विधवा जाऊबाईच्या हातात द्या. कोणी रीत काढली तर त्याला औंढ्याची गोष्ट शेवटपर्यंत सांगा.