शेजारच्या चुलीवर काय शिजतंय?

अमेरिकेत कॉलेज फुटबॉलचा सामना शनिवारी असतो. रविवारी सकाळी निम्मं गाव चर्चमध्ये आणि उरलेलं अंथरुणात असतं, तेव्हा प्रशिक्षकांची एक फौज अंधाऱ्या खोलीत पडद्यासमोर ठाण मांडते. पुढच्या शनिवारी ज्यांच्याशी गाठ आहे, त्यांचे मागचे सामने लावलेले असतात. चाल बघायची, थांबवायची, मागे न्यायची, पुन्हा बघायची. प्रत्येक चालीपुढे नोंद करायची: कितवा डाऊन, किती यार्ड बाकी, चेंडू मैदानाच्या कुठल्या बाजूला, क्वार्टरबॅकच्या मागे किती जण, टोकाला किती. ही हमाली करणाऱ्या तरुण पोरांच्या हुद्द्यात ‘क्वालिटी कंट्रोल’ हे शब्द असतात. ऐकणाऱ्याला वाटावं, मुलगा औषधाच्या कारखान्यात चिकटला.

(हा फुटबॉल म्हणजे हेल्मेटवाला, बहुतांशी हातानेच खेळायचा. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. एकेका प्रयत्नाला डाऊन म्हणतात, चेंडू हाती घेऊन चाल चालवणाऱ्याला क्वार्टरबॅक. नावावरून वाद घालण्यात अर्थ नाही, तो त्यांचा घरचा मामला आहे.)

एवढ्या जागरणातून बुधवारपर्यंत जाडजूड बाड तयार होतं आणि त्यातलं ठळक अनुमान बरेचदा असं असतं: तिसऱ्या डाऊनला सात यार्ड हवे असतील, तर समोरचा संघ पास टाकतो. हे तर प्रेक्षकांत बसून शेंगदाणे फोडणाऱ्या आजोबांनाही ठाऊक असतं. फरक इतकाच, की आजोबांकडे आलेख नसतो.

आता नियमांकडे वळू, कारण खरी गंमत तिथे आहे. समोरच्या संघाचं चित्रीकरण बघायला कसलीही आडकाठी नाही. संघ ते एकमेकांना रीतसर देतात. बाजूरेषेवरून प्रशिक्षक हातवारे करून चाल सांगतात. त्या खुणा टीव्हीवर बघून उलगडल्या तरी चालतं. मात्र पुढच्या प्रतिस्पर्ध्याचा सामना स्वतः स्टेडियममध्ये जाऊन हेरायला 1994 पासून बंदी आहे. कारण काय, तर गरीब विद्यापीठांना हेरांचा प्रवासखर्च परवडायचा नाही. मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये 1,07,601 माणसं बसतात. म्हणजे लाखभर लोकांसमोर दोन्ही हात हलवून सांगितलेलं गुपित सगळ्यांनी बघावं, फक्त ज्याला त्याचा उपयोग आहे त्याने तिकीट काढू नये.

कॉनर स्टॅलियन्स या गृहस्थाने तिकीट काढलं. बरीच काढली. नौदल अकादमीचा पदवीधर, मरीन दलातला माजी कॅप्टन, मिशिगनच्या फुटबॉल विभागात किरकोळ हुद्द्यावर. त्याने ओळखीपाळखीच्या लोकांना ठिकठिकाणच्या सामन्यांना पाठवलं आणि मोबाइलवर बाजूरेषेचं चित्रीकरण करायला लावलं. चौकशीत निघालेला हिशेब असा: 2021 ते 2023 या काळात किमान 13 प्रतिस्पर्धी, पन्नासहून जास्त वेळा. या मंडळींना नाव होतं ‘केजीबी’. गुप्त कामाला जगातल्या सर्वांत प्रसिद्ध गुप्तहेर खात्याचं नाव देणाऱ्या माणसाच्या आत्मविश्वासाला दाद द्यायला हवी.

कळस झाला 1 सप्टेंबर 2023 रोजी. त्या संध्याकाळी मिशिगनच्या आगामी प्रतिस्पर्ध्याची, मिशिगन स्टेटची गाठ सेंट्रल मिशिगनशी होती. सेंट्रल मिशिगनच्या बाजूरेषेवर, त्यांच्याच पोशाखात, डोळ्यांवर गॉगल लावून एक इसम उभा होता, आणि तो स्टॅलियन्स होता असा निष्कर्ष पुढे निघाला. दिवेलागणीनंतर गॉगल लावणारा माणूस आपल्याकडे लग्नाच्या वरातीतही नजरेत भरतो. इथे त्याचे फोटो सापडायला काही आठवडे लागले. सात आठवड्यांनी मिशिगनने मिशिगन स्टेटला 49-0 असं धुतलं. तोवर प्रकरण बाहेर आलेलं होतं. चौकशी सुरू झाल्यावर साहेबांनी आपला फोन तळ्यात टाकला.

मग शिक्षा. 10 नोव्हेंबरला मिशिगन ज्या साखळीत खेळतं त्या बिग टेन परिषदेने मुख्य प्रशिक्षक जिम हार्बॉ यांना साखळीतल्या उरलेल्या तीन सामन्यांसाठी मैदानावर यायला मनाई केली. दुसऱ्याच दिवशी पेन स्टेटच्या घरच्या मैदानावर सामना. आता मिशिगनकडे ना मुख्य प्रशिक्षक, ना चोरलेल्या खुणा. त्यांनी काय करावं? चेंडू घेऊन धावत सुटावं. पुन्हा धावावं. पुन्हा. उत्तरार्धात त्यांच्या नावावर एकाही पासची नोंद नाही, साऱ्या सामन्यात फक्त 8. पुढची चाल काय, हे पेन स्टेटच्या अकरा जणांना कळत होतं, बाकावरच्यांना कळत होतं, गॅलरीच्या शेवटच्या रांगेतल्या माणसालाही कळत होतं. मिशिगन 24, पेन स्टेट 15.

हे काही नवल नव्हतं. लष्करी अकादमीचा आर्मी संघ पिढ्यानपिढ्या ‘ऑप्शन’ पद्धतीचं आक्रमण खेळत आलाय: क्वार्टरबॅक चेंडू मागच्या गड्याला देतो, नाहीतर स्वतः ठेवतो, नाहीतर बाजूला फेकतो. तीनच पर्याय, आणि ते साऱ्या देशाला पाठ. सप्टेंबर 2018 मध्ये पाचव्या मानांकनाच्या ओक्लाहोमाने हे सगळं बघून ठेवलेलं असणारच. तरी 60 मिनिटांच्या सामन्यात आर्मीने 44 मिनिटं 41 सेकंद चेंडू आपल्याकडे ठेवला. ओक्लाहोमाचा नामांकित क्वार्टरबॅक कायलर मरे बाजूला उभा राहून घड्याळ बघत होता. अखेर जादा वेळेत ओक्लाहोमा 28-21 असा सुटला. अशा सामन्याआधीच्या आठवड्यात सरावाला ऑप्शन खेळून दाखवण्याचं काम राखीव पोरांकडे असतं आणि त्यांनी आयुष्यात ती पद्धत कधी खेळलेली नसते. मोदक कसे चुकतात हे बघून मोदक शिकण्यासारखंच ते.

चोरी करूनही हात रिकामे कसे राहतात, याचा आदर्श नमुना वेक फॉरेस्टच्या प्रकरणात आहे. टॉमी एल्रॉड हे तिथले जुने सहायक प्रशिक्षक. नव्या मुख्य प्रशिक्षकाने त्यांना ठेवलं नाही, तेव्हा ते संघाचे रेडिओ समालोचक झाले आणि आपल्याच संघाच्या चाली समोरच्यांना पोचवू लागले. हेरण्याचीही गरज नाही, घरपोच सेवा! 2016 मध्ये लुईव्हिलच्या स्टेडियममध्ये वेक फॉरेस्टवाल्यांना आपल्याच चालींचे कागद सापडले, तेव्हा बिंग फुटलं. लुईव्हिल आणि व्हर्जिनिया टेक यांना प्रत्येकी 25,000 डॉलर दंड झाला. लुईव्हिलने तो सामना 44-12 असा जिंकला, ठीक. पण व्हर्जिनिया टेकच्या एका प्रशिक्षकाकडे माहिती पोचली होती 2014 मध्ये. त्या वर्षीच्या सामन्यात निर्धारित वेळ संपली तेव्हा फलक होता 0-0. दोन वेळा जादा वेळ खेळून व्हर्जिनिया टेक 6-3 असं हरलं. परीक्षेआधी पेपर फुटला, चिठ्ठी घरी आली आणि चिरंजीव नापास. घरात तोंड दाखवायचं कसं?

मिशिगनचं मात्र बरं चाललं. त्या मोसमात त्यांनी 15 पैकी 15 सामने जिंकले आणि जानेवारी 2024 मध्ये वॉशिंग्टनला 34-13 हरवून राष्ट्रीय विजेतेपद पटकावलं. त्याच महिन्यात हार्बॉ व्यावसायिक संघाकडे, लॉस एंजेलिस चार्जर्सकडे निघून गेले. चौकशीचा निकाल लागला ऑगस्ट 2025 मध्ये. विद्यापीठाला 50,000 डॉलर, शिवाय फुटबॉलच्या बजेटच्या 10 टक्के, शिवाय दोन मोसमांच्या साखळीनंतरच्या सामन्यांतल्या कमाईइतका दंड. स्टॅलियन्सवर आठ वर्षांचे निर्बंध, हार्बॉंवर दहा वर्षांचे. हार्बॉंचे हे निर्बंध त्यांच्यावरची आधीची चार वर्षांची शिक्षा भोगून झाल्यावर, म्हणजे 2028 मध्ये लागू होतील. जो माणूस कॉलेज सोडून गेला, त्याला 2038 पर्यंत कॉलेजचा दरवाजा बंद. करंडक कपाटात आहे तिथेच आहे.

खुणांच्या या कटकटीवर 2024 मध्ये इलाज सापडला: हेल्मेटमध्ये रेडिओ. व्यावसायिक लीगमध्ये तो 1994 पासूनच होता, म्हणजे कॉलेजवाल्यांनी तिकीट न काढण्याचा नियम केला त्याच वर्षापासून. आता मैदानावरच्या एका खेळाडूच्या हेल्मेटवर हिरवा ठिपका असतो आणि प्रशिक्षक थेट त्याच्या कानात बोलतो. चालीच्या घड्याळात 15 सेकंद उरले की आवाज बंद. उरलेल्या दहा जणांच्या कानात काहीच नाही, म्हणून ते अजूनही बाजूरेषेकडे बघतात. तिथे कोणी टोपी चाचपतो, कोणी कोपर धरतो, कोणी नटनट्यांच्या फोटोंचा फलक डोक्यावर धरतो. पलीकडच्या बाजूला कोणीतरी वही उघडलेली असते.