सही करून पसार होणाऱ्या अक्षरांना अनावृत पत्र

प्रति,
श्री. के, श्री. बी, श्री. पी, श्री. एस व इतर सर्व मुकी अक्षरे,
मुक्काम : इंग्रजी शब्दकोश.

विषय : हजेरीपटावर नाव असूनही कामावर तोंड न उघडल्याबाबत.

महोदय,

धाराशिव जिल्ह्यातल्या एका शाळेत पाचवीला इंग्रजी शिकवणाऱ्या मास्तराचा तुम्हा सर्वांना नमस्कार. पत्र मुद्दाम देवनागरीत लिहितो आहे, कारण या लिपीत तुम्हाला दारातूनच परत जावं लागतं. ‘नाइफ’ लिहिलं की श्री. के आपोआप बाहेर. निदान हे पत्र तरी तुमच्या गर्दीशिवाय पुरं होईल.

निमित्त श्रुतलेखनाचं. मी ‘नी’ म्हणालो, नी म्हणजे गुडघा. पुढच्या बाकावरच्या लेकरानं वहीत टपोरी तीन अक्षरं काढली : एन, ई, ई. मी लाल शाईनं अलीकडे के काढून दिला. पोरानं त्या लाल के कडे पाहिलं, ओठ हलवून शब्द दोनदा पुटपुटला आणि विचारलं, “बोलायचंच न्हाई तर लिव्हायचं कशाला वो सर?” प्रश्न तुमच्या खात्याचा असल्यानं योग्य मार्गानं तुमच्याकडे पाठवत आहे. सोबत आम्ही केलेल्या प्राथमिक चौकशीचा गोषवारा जोडला आहे.

श्री. के, तुमच्याबद्दल आम्हाला आदर आहे. जुन्या इंग्रजीत तुम्ही गुडघ्यातही बोलत होतात आणि सरदारातही, म्हणजे ‘नाइट’मध्येही. विल्यम कॅक्स्टननं १४७६ साली वेस्टमिन्स्टरला छापखाना टाकला तेव्हा तुम्ही कामावर हजर होतात. खिळे जुळवणाऱ्यांनी तुम्हाला ओळीत बसवलं, आणि पुढं सतराव्या शतकाच्या सुमारास इंग्रजांच्या जिभेनं तुम्हाला सोडलं तरी छापखान्यानं सोडलं नाही. जर्मनीत तुमचा सख्खा भाऊ आजही गुडघ्याला ‘क्नी’ म्हणत पूर्ण पाळी भरतो. तुम्ही निवृत्त झालात याबद्दल तक्रार नाही. खुर्ची का रिकामी केली नाही, एवढाच खुलासा हवा.

श्री. बी, तुमचं प्रकरण मात्र गंभीर आहे. कर्जाचा शब्द फ्रेंचांकडून इंग्रजीत आला तेव्हा त्यात तुम्ही नव्हतात. लोक ‘डेट’ म्हणत आणि जवळपास तसंच लिहीत. मग पंधराव्या-सोळाव्या शतकात लॅटिन शिकून आलेल्या विद्वानांना आठवलं की मूळच्या ‘डेबिटम’मध्ये बी आहे. झालं, वशिल्यानं तुमची नेमणूक! त्याच शिफारशीवर तुम्ही ‘डाउट’मध्येही शिरलात आणि शंकेला जागा राहिली नाही. आमच्याकडे पाऊस रुसला की पीककर्जावर व्याज चढतं, त्याची सवय आहे. पण खुद्द कर्ज या शब्दावर अक्षर चढवणारे सावकार आम्ही पहिल्यांदाच पाहिले.

अंगठ्याच्या ‘थम’ला तर लॅटिनचाही आधार नव्हता. जुन्या इंग्रजीत तो शब्द बीशिवाय सुखानं नांदत होता. पुढं ‘डम’सारख्या शब्दांच्या शेजारी बसून त्यालाही तुम्ही चिकटलात. ज्या अंगठ्यानं निरक्षर माणूस सही करतो, त्याच अंगठ्याला एक अक्षर जास्तीचं!

श्री. पी, ‘रिसीट’मध्ये तुम्ही त्याच लॅटिन शिफारशीनं आलात. पण त्याच घराण्यातल्या ‘डिसीट’मध्ये, म्हणजे फसवणुकीत, तुम्ही नाही. फसवणूक ऐकू येते तशी लिहिली जाते आणि पावतीत मात्र भलतंच काही असतं, हे ऐकून सोयाबीन घेऊन आडतीवर गेलेल्या आमच्या कुठल्याच शेतकऱ्याला नवल वाटलं नाही. ‘सायकॉलॉजी’बद्दल आम्ही तुम्हाला माफ करतो. तो शब्द ग्रीकांचा, आणि ग्रीक घरात तुम्ही नीट बोलत होतात. ग्रीकांशी आमची ओळखही जुनी. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात आमच्या जिल्ह्यातल्या तेर गावाचं नाव ‘तगर’ असं आलं आहे, बोलावं तसं, एकही अक्षर वाया न घालवता.

श्री. एस, ‘आयलंड’मधली तुमची नेमणूक निव्वळ कारकुनी घोळ आहे. बेटासाठीचा तो शब्द अस्सल इंग्रजी घरातला, लॅटिनच्या ‘इन्सुला’शी त्याचं नातं नाही. पण विद्वानांना ते दोघे सख्खे वाटले. दुसऱ्याच्या नावची ऑर्डर घेऊन तुम्ही रुजू झालात आणि चारशेहून जास्त वर्षं बिनबोभाट पगार उचलत आहात.

आता तुमच्याकडून उलटतपासणी होणार हे आम्ही धरून चाललो आहोत. तुम्ही म्हणाल, तुमच्या ‘घर’मधल्या र चा अ कुठं गेला? तो बोलत नाही, हे कबूल. पण आमचा मुका अ जागा अडवत नाही, शाई खात नाही आणि त्याच्यापायी कोणाचे गुण जात नाहीत. तुम्ही म्हणाल, ‘ष’ आणि ‘श’ यांतला फरक तुमच्यातले किती जण बोलून दाखवतात? या प्रश्नावर आम्ही वेळ मागून घेतो.

मात्र खरी मुकी खूण आमच्याही डोक्यावर होती. नांव, गांव, पांच, कांहीं, केलें, झालें, सगळीकडे न बोललेले अनुस्वार. तेही तुमच्यासारखेच आडनावाच्या जोरावर बसलेले. संस्कृत-प्राकृतात पणजोबा नाकातून बोलत होते, म्हणून पणतवाला टिंबाची पेन्शन चालू! एका घरात असो की दहा घरांत असो, लिहायचं ‘घरांत’च. मग १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम शासनानं मान्य केले आणि न बोलणारा अनुस्वार एका फटक्यात घरी गेला. आभाळ कोसळलं नाही. उलट ‘घरात’ म्हणजे एका आणि ‘घरांत’ म्हणजे अनेक, असा हिशेब लागला. ज्यांचं बालपण त्या टिंबांत गेलं होतं ते काही दिवस हळहळले, इतकंच. पोरांचे गुण वाढले.

अक्षरं बदलणं अवघड असतं, हे आम्हाला कोणी सांगायला नको. आमच्या जिल्ह्याचं इंग्रजी नाव ओ पासून सुरू व्हायचं आणि वाचायचं ‘उ’, उस्मानाबाद. २०२३ मध्ये ते धाराशिव झालं आणि पुढच्या वर्षी उच्च न्यायालयातही टिकलं. रोमन लिपीत त्या नावाची नऊ अक्षरं गेली आणि या नावाची नऊच आली. पेंटरच्या मापात फरक पडला नाही, पाट्या तेवढ्या नव्या झाल्या. नव्या नावात डी च्या पाठीशी एच आहे. तो गोऱ्या साहेबाला उच्चारता येणार नाही आणि साहेब आम्हाला ‘दाराशिव’ करील. पण तो त्याच्या जिभेचा प्रश्न. आमचा एच ड्युटीवर आहे.

एवढं मोठं नाव बदलतं, मग गुडघ्यातला एक के का निघत नाही? कारण तुमच्याकडे महामंडळ नाही, आणि असतं तरी त्याचं कोणी ऐकलं नसतं. १९०६ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी सरकारी छापखान्याला तीनशे शब्दांची सोपी स्पेलिंगं वापरायचा हुकूम दिला. वर्तमानपत्रांनी टर उडवली, संसदेनं मोडता घातला आणि त्या वर्षअखेर हुकूम मागं घ्यावा लागला. पनामाचा कालवा खोदायला घेणारा माणूस तुमच्यापुढं थकला, तिथं पाचवीच्या मास्तराची काय कथा?

म्हणून तुम्हाला काढून टाका, अशी आमची मागणीच नाही. आमची मागणी बदलीची आहे. तुमचं दुखणं एवढंच की जिथं आहात तिथं काम नाही. धाराशिवला या, इथं मुक्यालाही तोंड फुटतं. पुरावा हवा? आमच्या शहरात हजरत ख्वाजा शमसुद्दीन गाजींचा दर्गा आहे. ‘ख्वाजा’ उर्दूत लिहिताना ‘वाव’ हे अक्षर घालतात आणि बोलताना गाळून ‘खाजा’ म्हणतात. १९४८ पर्यंत इथं निजामाचं राज्य आणि कारभार उर्दूत, त्यामुळे आमच्या आजोबांना न बोलणारं अक्षर काही नवं नव्हतं. पण देवनागरीत ‘ख्वाजा’ लिहिलं आणि आम्ही तो व खणखणीत बोलायला लागलो. श्री. बी, तुमच्यासाठी तर इथं आधीपासून काम काढून ठेवलं आहे. लंडनात ‘प्लमर’ म्हणून तुम्हाला गिळतात, आमच्याकडे नळ गळायला लागला की ‘प्लंबर’ला फोन जातो, ब सकट. लंडनचा ‘बॉम’ तुमच्याशिवाय फुटतो. आमच्या दिवाळीतल्या सुतळी बॉम्बच्या नावात तुम्ही पहिल्यापासून शेवटपर्यंत हजर असता.

आणि एक कायमची जागाही रिकामी आहे. आमच्या आठ तालुक्यांत एक कळंब. कागदावर ब आहे, पण एसटीत बसून तिकीट मागताना माणूस ‘कळम’ म्हणतो आणि कंडक्टरही ‘कळम’च ऐकतो. काही जुन्या इंग्रजी कागदांत तर ‘कल्लम’ असं लिहून तो ब रीतसर काढूनच टाकला आहे. तुमचे कोकराचे ‘लॅम’ आणि कंगव्याचे ‘कोम’ ज्या वाटेनं गेले त्याच वाटेनं आमचं तालुक्याचं गाव चाललं आहे, आणि त्याला लॅटिन शिकलेला एकही विद्वान कारण नाही. दोष द्यायला माणूस सापडला नाही म्हणून आम्ही ही बाब चौकशीतून वगळली आहे.

तेव्हा श्री. बी यांनी ‘डेट’मधला कार्यभार तिथल्या टी कडे सोपवून ताबडतोब कळंबला रुजू व्हावं. प्रवासभत्ता मिळणार नाही. रुजू अहवाल लेखी चालणार नाही, तोंडी द्यावा लागेल.

आपला,
एक इंग्रजीचा मास्तर
जिल्हा धाराशिव