खरा आंबा, लाकडी आंबा

कोकणात आंब्याच्या जाती दोन, हापूस आणि पायरी, असं आम्ही लहानपणी शिकलो. बाकीचे सगळे रायवळ. जीएसटी आल्यावर कळलं की जाती दोनच, पण वेगळ्या: एक खायचा आंबा आणि दुसरा लाकडी आंबा. ताज्या फळांवर कर नाही, म्हणून पहिला बिनकराचा. दुसऱ्यावर पाच टक्के. जो कुजत नाही, ज्यावर चिलट बसत नाही आणि पाहुणे जेवून गेले तरी जो जागचा हलत नाही, त्याच्यावर कर. सरकारचं एका अर्थी बरोबर आहे. खाल्लेल्या आंब्याचा पुरावा राहत नाही.

आमची काकी हा दुसरा आंबा विकते. सावंतवाडीच्या चितारआळीतल्या कारागिरांकडून लाकडी फळं, भातुकली, बाहुल्या घ्यायच्या आणि आपल्या पडवीत मांडून पर्यटकांना विकायच्या. जोडीला साड्या. घाऊक व्यापाऱ्याकडून गठ्ठा मागवायचा आणि वाडीतल्या बायकांना हप्त्यानं द्यायचा. इकडून घ्यायचं, तिकडे द्यायचं आणि मधले चार पैसे डब्यात टाकायचे. या डब्याला कुणी कधी नाव विचारलं नव्हतं. मग साडीवाल्या व्यापाऱ्यानं फोनवर विचारलं, "मॅडम, जीएसटी नंबर सांगा." काकी म्हणाली, नंबर नाही. तो म्हणाला, हरकत नाही. आणि साड्यांच्या बिलावर काकीच्या नावापुढे त्यानं ‘यूआरडी’ लिहिलं. अनरजिस्टर्ड डीलर.

माणसाला नापास म्हटलेलं चालतं, अनरजिस्टर्ड म्हटलेलं चालत नाही. काकी म्हणाली, "माका नंबर होयो म्हणजे होयोच."

कर सल्लागारांनी आधी तिला थोपवायचा प्रयत्न केला. नुसत्या वस्तू विकणाऱ्याची वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल, तर आपल्या राज्यात नोंदणीची सक्ती नाही, असं त्यांनी सांगितलं. सावंतवाडीपासून काश्मीर जितकं लांब, तितकाच काकीचा डबा ४० लाखांपासून लांब होता. "मग झालं तर," सल्लागार म्हणाले. पण जाता जाता त्यांनी विचारलं, "माल बाहेर कुठे जातो का?"

"बाहेर खंय? म्हापशाक माझी भाची आसा, तिच्या मैत्रिणींका साड्यो धाडतंय."

सल्लागारांनी चष्मा काढला. सावंतवाडीहून गोंदियाला साडी पाठवली, तर ती राज्यातल्या राज्यात गेली. म्हापशाला पाठवली, तर ती परराज्यात गेली. बांदा ओलांडला की पत्रादेवी, आणि पत्रादेवीला गोवा. पातोळीतला नारळ तिकडेही तोच, माशांचं तिकलंही तेच, पण महाराष्ट्राचा कोड २७ आणि गोव्याचा ३०. करपात्र माल एकदा का राज्याबाहेर विकला, की ४० लाख वगैरे विसरायचं. पहिल्या साडीपासून नोंदणी लागते.

"आणि लाकडी आंबे?" काकीनं विचारलं. तेही जात होते म्हापशाला.

तिथे तिला दिलासा मिळाला. कारागिरांनी हातानं घडवलेल्या हस्तकलेच्या वस्तू २० लाखांच्या उलाढालीपर्यंत परराज्यात बिननोंदणी विकता येतात. केंद्र सरकारच्या २०१८ सालच्या यादीत तर चन्नपट्टण आणि तंजावर यांच्या पंगतीला सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांचं नाव आहे. काकीची मान ताठ झाली. मात्र या सवलतीला एक शेपूट आहे. बिननोंदणी पाठवणाऱ्याकडे पॅन हवा आणि ई-वे बिल हवं, मग माल कितीही किरकोळ असो. मोठ्या व्यापाऱ्याला एरवी ५० हजारांवरच्या मालाला ई-वे बिल लागतं. काकीच्या एका लाकडी सीताफळाला ते लागणार. खऱ्या सीताफळाला एवढा मान कधी मिळाला नव्हता.

थोडक्यात, म्हापशाच्या पार्सलात लाकडी आंबा एकटा असेल तर नंबर नको, त्याच्याशेजारी साडी असेल तर हवा. आणि म्हापशाची गिऱ्हाईक स्वतः सावंतवाडीला आली, बिलावर पत्ता न घालता साडी पिशवीत टाकून निघाली, तर तो सौदा सावंतवाडीतलाच. तिचीच साडी, तिचंच कपाट. फरक एवढाच की यष्टीचं तिकीट कुणी काढलं.

काकीनं नंबर काढायचा ठरवला. यासाठी सरकार एक पैसाही घेत नाही. घेतो तो फॉर्म भरून देणारा. धंद्याची जागा म्हणून पडवीचा पुरावा लागला. घर काकांच्या नावावर, त्यामुळे वीजबिल आणि काकांचं संमतीपत्र. लग्न झाल्यापासून त्या घरात संमती द्यायचं काम काकीकडे होतं. काकांनी सही करताना दोनदा वाचलं आणि विचारलं, "ह्याची झेरॉक्स माका मिळात?"

नंबर आला. पंधरा अक्षरं: पहिली दोन राज्याची, पुढची दहा पॅनची, मग एक आकडा, मग ‘झेड’, आणि शेवटी तपासणीचं एक अक्षर. तो ‘झेड’ सगळ्यांनाच असतो. काकीला मात्र वाटलं की तो तिलाच दिलाय, आणि आम्ही कुणी तिला दुरुस्त केलं नाही. नियमाप्रमाणे प्रमाणपत्र दिसेल अशा जागी लावायचं आणि दाराच्या पाटीवर नंबर लिहायचा. प्रमाणपत्र गणपतीच्या तसबिरीशेजारी गेलं. पाटीवर काकांचं नाव वर होतं. ते खाली आलं.

मग खरा जमाखर्च सुरू झाला. एक हजाराची साडी आणताना काकी व्यापाऱ्याला ५० रुपये कर देते. तेराशेला विकताना गिऱ्हाइकाकडून ६५ घेते. आधीचे ५० वजा, उरलेले १५ सरकारला. सेटऑफ म्हणतात तो हाच, आणि फेरविक्रीवाल्याचा सगळा धर्म यात आला: कर शेवटच्या गिऱ्हाइकानं भरायचा, आपण नुसता पुढे पोचवायचा. हे तत्त्व काकीला दोन मिनिटांत समजलं. वाडीतल्या बायकांना अजून समजलेलं नाही. "काकी, ते पासष्ट सोडा हो" असं त्या म्हणतात, जणू अर्थमंत्री पडवीत मिरच्या निवडत बसलेत.

लाकडी आंब्याचं तर अवघडच झालं. चितारआळीतला छोटा कारागीर नोंदणीकृत नाही, म्हणजे त्याच्या बिलात कर नाही, म्हणजे सेटऑफ नाही. एकदा नंबर घेतला की पाच टक्के पूर्ण किमतीवर. शेजारच्या बिननंबरी दुकानात तोच आंबा स्वस्त. आंबेही खेळणं म्हणून ९५०३ कोडात घालायचे की शोभेची वस्तू म्हणून ४४२० कोडात, हा वाद काकीनं परस्पर मिटवला: "पोरानं धरल्यान तर खेळणां, सुनेन धरल्यान तर शोभा."

आणि रिटर्न. पावसात पर्यटक नसतात, विक्री शून्य, तरी शून्य लिहून कळवावं लागतं. ते एसएमएसनं कळवता येतं, ही सोय मोठी. विसरलात तर काही न विकल्याबद्दल रोजचे २० रुपये लेट फी.

तुम्हीही घरबसल्या साड्या, खेळणी, गोधड्या विकत असाल, तर नंबराच्या मागे लागण्याआधी दोन प्रश्न विचारा. उलाढाल ४० लाखांवर गेली का? माल राज्याबाहेर जातो का? एकाचंही उत्तर ‘हो’ असेल, तर आजच सल्लागार गाठा. दोन्हींचं ‘नाही’ असेल, तर तुमचा नंबर सरकारला नको आहे. तो शेजाऱ्यांना दाखवायला हवा आहे. आणि शेजाऱ्यांना दाखवायचंच असेल तर नवा फ्रीज घ्या. त्याचं रिटर्न भरावं लागत नाही.